बरकत, दोन, तीन

१९६० सालच्या जानेवारीत मी एम.ए. होतो, अविवाहित होतो आणि डॉ. अंबर्डेकरांचा संशोधन सहायक होतो. या तिन्ही गोष्टी एकमेकींमुळे झाल्या होत्या की नुसत्याच एका वेळी माझ्या वाट्याला आल्या होत्या, हे मला तेव्हा सांगता आलं नसतं. आता येतं, कारण पुढे बत्तीस वर्षं मी कॉलेजात पोरांना तेवढंच शिकवलं. पण ही हकिकत माझी नाही, मुळशीच्या कमरुद्दीन मापाऱ्याची आहे. तिच्यात मी येतो, आणि येतो ते मला आवडत नाही.

डॉ. अंबर्डेकर परदेशातून मानसशास्त्राची मोठी पदवी, दोन लोकरी सूट आणि एक अनुदान घेऊन पुण्याला आले होते. खेड्यातल्या मुलांची बुद्धी कशावर अवलंबून असते, हे त्यांना शोधून काढायचं होतं. पुण्यातल्या मुलांची कशावर असते हे कुणी विचारलं नव्हतं, कारण ती असतेच असं पुण्यात सगळे धरून चालतात. डॉक्टरांनी बावीस गोष्टींची यादी केली. डोक्याचा घेर, आईचं वय, गोठ्यातली गुरं, घराच्या खिडक्या, धरणापासूनचं अंतर, वर्षाला घरात येणारं भात, असं काय काय. यातल्या प्रत्येकीचा बुद्धीशी सहसंबंध काढायचा, असा बेत होता.

सहसंबंध समजायला अगदी सोपा. दोन गोष्टी घ्यायच्या. एक वाढली की दुसरीही वाढते का, ते बघायचं. नेमानं वाढत असेल तर एक आकडा निघतो तो एकच्या जवळ जातो. एक वाढली की दुसरी घटत असेल तर तोच आकडा उणे होतो. दोघींचा एकमेकींशी काही ताळमेळच नसेल तर शून्याच्या आसपास घुटमळतो. झालं. या आकड्याला ‘का’ म्हणून विचारायची सोय नाही. विचारलं तरी तो बोलत नाही. पण माणसाला ‘का’ कळल्याशिवाय जेवण जात नाही, म्हणून आकडा गप्प बसला की माणूस त्याच्या वतीनं बोलायला लागतो. डॉक्टर तर फारच छान बोलत.

मुळशीच्या शाळेची एक खोली आम्ही ताब्यात घेतली. गावातली आणि वरच्या वाडीची मिळून एकशे बारा मुलं. चाचणी चाळीस गुणांची. त्यातले वीस गुण नुसत्या मोजणीला आणि बाकीचे बरेचसे त्याच मोजणीवर बेतलेल्या प्रश्नांना, कारण ज्याला मोजता येतं त्याला बुद्धी असते असं डॉक्टरांचं मत होतं. परदेशी पुस्तकात लिहिलं होतं की साहित्य स्थानिक वापरावं. म्हणून डॉक्टरांनी पौडच्या बाजारातून धान्य मोजायचा एक लाकडी शेर आणवला आणि त्यात वीस चिंचोके भरले. मुलानं शेरातून एकेक चिंचोका काढून मोठ्यानं मोजायचा. ‘एक’पासून सुरुवात झाली नाही तर चूक. तोच आकडा पुन्हा म्हटला तर चूक. तीन चुका झाल्या की थांबवायचं आणि शून्य द्यायचं. शून्य द्यायचं काम माझ्याकडे होतं आणि मी ते मन लावून केलं.

गावातली बरीच पोरं पहिला चिंचोका उचलून भलतंच काहीतरी म्हणत, मग तेच पुन्हा पुन्हा म्हणत, आणि वर गाण्यासारखा सूर लावत. मी शेऱ्याच्या रकान्यात लिहीत गेलो, ‘असंबद्ध बडबड’. चौदाव्या मुलानंतर नुसतं ‘अ. ब.’ लिहायला लागलो. वरच्या वाडीची पोरं मात्र खणखणीत एक, दोन, तीन म्हणत वीसपर्यंत जात. त्यांच्या घरी शेती नव्हती. आई-बाप जंगलातून हिरडा, मध, लाकडं आणत, नाहीतर रोजानं जात. त्यातल्या बारकू नावाच्या मुलाला चाळीसपैकी अडतीस मिळाले. डॉक्टरांनी त्याच्याबरोबर फोटो काढून घेतला. कुशाबा पाटलाच्या मुलाला सहा मिळाले, त्याच्याबरोबर काढला नाही.

आता घरोघरचं भात किती, हे विचारायचं होतं. तिथे घोडं अडलं. सरकारनं लेव्ही म्हणून सक्तीनं भात नेल्याची आठवण गावाला ताजी होती. वही घेऊन आलेला माणूस दिसला की खंडीचे मण आणि मणांच्या पायल्या होत. कुशाबा पाटलानं तर घरात भात होतच नाही, पाव्हण्यांकडून आणून खातो, असं सांगितलं. तेव्हा कुणीतरी म्हणालं, मापाऱ्याला विचारा, गावाच्या सगळ्या राशी त्याच्या हाताखालून जातात.

तर असा आम्हाला कमरुद्दीन भेटला. पन्नाशीचा, उंच, पण चाळीस वर्षं राशीसमोर उकिडवा बसून कमरेत जरा वाकलेला. मळणी झाली की खळ्यावर त्याला बोलावणं येई. पायली भरायची, रिती करायची, मोठ्यानं मोजायचं, बारा पायल्यांचा मण झाला की एक खडा बाजूला ठेवायचा, वीस खड्यांची खंडी. त्याचा बाप हेच करी, आजा हेच करी. उजव्या हाताची बोटं धान्यानं घासून इतकी गुळगुळीत झाली होती की कागदावर अंगठा उठवला तर रेषा उमटत नसत, नुसता शाईचा डाग पडे. तलाठी त्याच्यावर वैतागत असे. गाव त्याला कमरूचाचा म्हणे.

डॉक्टरांनी विचारलं, “कुणाच्या घरी किती भात होतं?”

“त्ये मापाऱ्यानं सांगायचं नसतं, सायेब,” तो म्हणाला. “ज्याची रास त्याला म्हाईत. मी खळ्यावरनं उटलो की इसारलो.”

“अहो, हे सरकारी काम नाही. शास्त्राचं काम आहे.”

“शास्त्रालाबी नगं.”

डॉक्टरांना नकार ऐकायची सवय नव्हती. त्यांनी थोडा विचार करून विचारलं, “बरं, कुणाच्या खळ्यावर तुम्ही किती दिवस बसता, एवढं तरी सांगाल?”

“दिस सांगतो. दिस समद्या गावाला दिसत्यात.”

त्यानं घरागणिक दिवस सांगितले. पाटलाकडे सहा, सगुणाबाई म्हणून एक विधवा बाई होती तिच्याकडे अर्धा, वरच्या वाडीला एकही नाही. ज्याच्याकडे भात जास्त त्याच्याकडे दिवस जास्त, तेव्हा भाताऐवजी ‘मापाऱ्याचे दिवस’ हा रकाना धरू, असं डॉक्टरांनी ठरवलं. एकच अडचण आली. कमरुद्दीनची मुलगी मुनीरा, नऊ वर्षांची, तिचीही चाचणी झाली होती. तिला चाळीसपैकी चार मिळाले होते, सगळ्यांत कमी. तिच्या घरी मापाऱ्याचे दिवस किती लिहायचे, असं मी विचारलं.

“तो तिथेच राहतो ना? मग तीनशे पासष्ट लिहा,” डॉक्टर म्हणाले.

ते लीप वर्ष होतं म्हणून मी तीनशे सहासष्ट लिहिलं. संशोधनात काटेकोरपणा लागतो.

पुण्याला परत आल्यावर दीड महिना मी हँडल फिरवायच्या यंत्रावर गुणाकार-भागाकार करत बसलो. खिडक्यांचा आकडा शून्याजवळ निघाला. गुरांचा तसाच. डोक्याच्या घेराचा निघाला तो इतका किरकोळ की डॉक्टर दोन दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत. आणि मग ‘मापाऱ्याचे दिवस’ आले. उणे शून्य दशांश अठ्ठ्याहत्तर. डॉक्टर खुर्चीतून उठले. गरिबीनं बुद्धी मंदावते असं सगळे म्हणत होते. इथे ज्यांच्या कणग्या भरलेल्या त्यांचीच पोरं मंद, आणि ज्यांच्याकडे काही नाही ती हुशार! असं जगात कुणी म्हटलं नव्हतं. जे कुणी म्हटलं नाही ते बहुधा खोटं असतं ही शंका शहाण्या माणसाला येते. विद्वानाला ती येत नाही.

एप्रिलात निकाल सांगायला आम्ही पुन्हा मुळशीला गेलो. पाटलानं चावडीवर माणसं गोळा केली. डॉक्टरांनी शुद्ध मराठीत पाऊण तास भाषण केलं. त्यातलं गावाला एकच वाक्य कळलं, की ज्या घरी मापारी जास्त दिवस बसतो त्या घरची मुलं कमी बुद्धीची निघाली.

“म्हंजी चाचाच्या पायगुनानं?” पाटलानं विचारलं.

“पायगुण वगैरे शास्त्रात नसतं,” डॉक्टर म्हणाले. “पण संबंध फार दाट आहे.”

“आन त्येच्या सवताच्या पोरीचं काय?”

“ती सर्वांत खाली आहे,” मी म्हणालो. मला वाटलं, माहिती विचारली आहे तर द्यावी.

सगळ्यांनी वळून कमरुद्दीनकडे पाहिलं. तो खांबाला टेकून उभा होता. दोन गोष्टी बरोबर आढळल्या म्हणून एक दुसरीचं कारण असतेच असं नाही, हे वाक्यही डॉक्टरांनी सांगितलं. पण ते सांगितलं चहा आल्यावर, आणि तेव्हा कपबश्यांचा आवाज फार होता.

पुढचं भात निघालं तेव्हा कमरुद्दीनला एकाही खळ्यावरून बोलावणं गेलं नाही. पाटलानं आपला पुतण्या जयसिंग मापाला बसवला. जयसिंग सातवी पास होता आणि पाटलाच्या मते त्याच्यापाशी शास्त्र होतं. शाळेत मास्तरांनी मुनीराला शेवटच्या ओळीत भिंतीकडे बसवलं. मंद म्हणून कागदावर लिहून आलेली ती गावातली पहिलीच मुलगी होती.

डिसेंबरात डॉक्टरांनी मला अकरा मुलांच्या डोक्यांचे घेर पुन्हा मोजायला पाठवलं. तो आकडा काही त्यांच्या मनातून जात नव्हता. टेप घेऊन हिंडताना कमरुद्दीन मला त्याच्या अंगणात भेटला. ऐन मापाच्या हंगामात तो शेळीला पाला घालत होता. मला पाहून त्यानं घोंगडी टाकली, चहा सांगितला.

“मास्तर, एक सांगा,” तो म्हणाला. “पोरांना तुमी मोजायला काय दिलं हुतं?”

“चिंचोके.”

“कशात घालून?”

“शेरात. लाकडी शेरात.”

तो आधी माझ्याकडे बघत राहिला. मग हसला. इतका हसला की डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते पाणी शेवटी हसण्याचंच होतं की नाही ते मला कळलं नाही.

“मुनीरा,” त्यानं हाक मारली. “शेरडं मोज गं.”

पोरगी दारात आली. अंगणात, कुडापाशी, रस्त्यावर शेरडं होती. “एक, दोन, तीन, चार,” करत तिनं चौदा शेरडं मोजली, त्यात शेजाऱ्यांची तीन आहेत हेही सांगितलं. मग कमरुद्दीननं घरातून शेर आणला, त्यात मूठभर वाल घातले आणि तिच्यापुढे ठेवला. “आता ह्ये मोज.”

मुनीरा उकिडवी बसली. पहिला दाणा उचलून तिनं सूर लावला, “बरकत, बरकत, बरकत गं, दोन, दोन, दोन गं, तीन, तीन…”

‘अ. ब.’ मला ते दोन अक्षरी शेरे डोळ्यांपुढे दिसले, पानंच्या पानं.

“राशीचं पयलं माप मोजताना एक म्हनत न्हाईत, मास्तर,” तो सांगू लागला. “एक म्हंजी एकच, त्यात वाढ न्हाई. म्हनून बरकत म्हनायचं. आन पायली भरंस्तवर त्योच आकडा घोळवायचा, म्हंजी ध्यान सुटत न्हाई. खळ्यावर पोरं माझ्या भवती बसत्यात आन माझ्यासंगं म्हनत्यात. ज्येच्या खळ्यावर मी सा दिस, त्येची पोरं सा दिस म्हनत्यात. वरच्या वाडीला मापच न्हाई, तर बरकत कुटनं शिकायची? तुमी माप पुडं ठेवलं, पोरांनी माप घेतलं. त्यांचं काय चुकलं?”

आमच्या घरी तांदूळ वाण्याकडून पिशवीतून येत असे. खळं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. बावीस गोष्टी आम्ही मोजल्या आणि मधली तेविसावी शेरात बसलेली होती. भात आणि बुद्धी यांचं काही देणं-घेणं नव्हतं. भातामुळे मापारी येई, मापाऱ्यामुळे पोरं बरकत म्हणत, आणि बरकत म्हटलं की मी शून्य देई. मंद कुणी असलंच त्या खोलीत, तर ते पेन्सिल घेऊन बसलेलं होतं.

त्या दुपारी त्यानं मला मापही दाखवलं. पायली हात सैल सोडून भरली तर दाणे पोकळ बसतात, शंभराला चार-पाच पायल्या सहज वाढतात. दाबून भरली तर तेवढ्याच घटतात. बघणाऱ्याला फरक दिसत नाही. “मापाऱ्याचं इमान म्हंजी त्येचा हात,” तो म्हणाला. निघताना त्यानं विचारलं, “चार मानसांत एवढं सांगाल?” मी सांगेन म्हणालो. पोरीकडे बघून सांगेन म्हणालो.

पुण्याला येऊन मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग त्यांनी टेबलाच्या खणातून परदेशी तिकिटांचं पाकीट काढलं. लेख तिकडच्या मोठ्या नियतकालिकानं स्वीकारला होता.

“आकडेमोडीत चूक आहे का?” त्यांनी विचारलं.

“नाही.”

“उणे अठ्ठ्याहत्तर आहे ना?”

“आहे. पण सर, ते तसं का आहे…”

“का आहे हे आपण लेखात म्हटलेलंच नाही. फक्त आहे म्हटलंय.” आणि मग, जणू वेगळ्याच विषयावर, “जूनमध्ये कॉलेजात व्याख्यात्याची जागा निघते आहे. तुमचं नाव मी सुचवतोय.”

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात तशी शिफारशीची चिठ्ठी माझ्या हातात आली. ती खिशात घालूनच मी मुळशीच्या एस.टी.त बसलो. कबूल केलं होतं, तर जायला हवं होतं. वाटेत मी भाषण तयार केलं. कासार आंबोलीपर्यंत ते फार चांगलं होतं. पौड गेलं तेव्हा त्यातली निम्मी वाक्यं गळाली होती.

गावात येऊन बघतो तर वेगळाच प्रकार. भाद्रपदात पाऊस गेला होता आणि भाताचा दाणा भरला नव्हता. जिथे तीस मण व्हायचे तिथे चोवीस झाले होते. गावानं याचा विचार केला, आणि आमच्यासारखाच केला. गेल्या साली मापाला बरकत म्हटलं होतं, भात जास्त झालं. यंदा जयसिंग पहिल्याच पायलीला एक म्हणाला, भात कमी झालं. म्हणजे कशानं कमी झालं? उघडच आहे. डॉक्टरांचं यंत्र नव्हतं म्हणून, नाहीतर त्यांनी दशांशात काढून दाखवलं असतं.

तेव्हा पाटलानं कमरुद्दीनला मानानं बोलावून आणलं होतं. पाटलाच्या खळ्यावरच्या राशींपैकी जयसिंगनं मोजलेली एक खंडी चार मणांची एक रास तशीच झाकून ठेवली होती. तिचं पुन्हा माप घ्यायचं, बरकत म्हणून. सगळं गाव जमलं होतं. सगुणाबाईही पदर सावरून एका कडेला बसली होती.

“झालं गेलं सोडा, चाचा,” पाटील म्हणाला. “तुमची बरकत न्हवती म्हनून रास बसली. म्हना बरकत, आन घ्या माप. वाढलं तर म्होरल्या सालापास्नं समदी खळी तुमचीच.”

“पाटील, कापल्याव भात वाढत न्हाई.”

“घ्या तर.”

कमरुद्दीननं टोपी सारखी केली आणि तो राशीपुढे बसला. त्याला एवढंच करायचं होतं की हात जरा सैल सोडायचा. चोवीस मणांवर मण-दीड मण वाढला असता. ते मला माहीत होतं, त्याला माहीत होतं, आणि तिसऱ्या कुणाला कळण्याची शक्यता नव्हती. गावाला तेच हवं होतं. त्याचं काम परत येणार होतं, नाव परत येणार होतं. मी मनातल्या मनात म्हणत होतो, सोड हात, सोड. त्याचं भलं व्हावं म्हणून म्हणत होतो, आणि मला भाषण करावं लागू नये म्हणूनही.

“बरकत, बरकत, बरकत गं…”

सकाळचं ऊन डोक्यावर आलं तोवर माप चाललं. सगळी पोरं त्याच्याबरोबर म्हणत होती. मुनीरा खडे ठेवत होती. शेवटी खळ्याच्या कडेचे दाणे झाडूनं गोळा करून त्यानं पायली भरली आणि हात थांबवला.

“एक खंडी, तीन मण, अकरा पायल्या.”

एक पायली कमी. मग जयसिंगला सुचलं. “म्हंजी बरकत म्हनून एक पायली घटली की!” तो म्हणाला, आणि दोघा-तिघांनी माना हलवल्या.

“उंदरानं खाल्ली आसंल,” कमरुद्दीन म्हणाला. बसल्या जागेवरून, आवाज न चढवता. “पाऊस आला न्हाई म्हनून दाना भरला न्हाई. बरकत म्हनून भात वाढत न्हाई आन एक म्हनून घटत न्हाई. हाय त्येवडं हाय. आन पोरंबी माज्यामुळं मंद न्हाईत. एकबी मंद न्हाई. त्ये कसं, त्ये ह्ये मास्तर सांगतील. त्येच्यासाटीच आल्यात त्ये.”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मुनीरानं पाहिलं. पाटील म्हणाला, “बोला मास्तर.” माझा हात खिशाकडे गेला. खिशात चिठ्ठी होती.

मी म्हणालो, “संशोधन अजून चालू आहे.”

कमरुद्दीन रागावला नाही. रागावला असता तर मला आज बरं वाटलं असतं. त्यानं पायली उपडी केली, आत अडकलेला दाणा बोटानं काढून पाटलाच्या राशीवर टाकला, पायली काखेत मारली आणि पोरीचा हात धरून तो खळ्यावरून निघून गेला. सगुणाबाई उठून त्याच्या मागं गेली. “चाचा, माजं वाईच हाय, उंद्या या,” असं ती म्हणाली ते सगळ्यांना ऐकू गेलं.

तिचं भात मण-दीड मण. पुढे किलोचे काटे आले आणि पायल्या गेल्या, तोवर गावात तेवढं एकच खळं कमरुद्दीनकडे राहिलं. बाकीचं जयसिंग मोजायचा. तो पहिल्या पायलीला काहीच म्हणत नसे, एकदम दोनपासून सुरू करी. कशाला उगाच, असं पाटलाचं मत होतं. वरच्या वाडीच्या बारकूला अडतीस गुणांबद्दल कुणी काही दिलं नाही. तो बापाबरोबर हिरडा गोळा करायला गेला. डॉक्टरांच्या लेखाचं परदेशात कौतुक झालं. त्याच्या तिसऱ्या तक्त्यात ‘मापाऱ्याचे दिवस’ अजून आहेत, आणि तीनशे सहासष्टसुद्धा आहेत.

मला जूनमध्ये जागा मिळाली. दर वर्षी सहसंबंधाच्या तासाला मी शेराचं आणि चिंचोक्यांचं उदाहरण देत असे. गावाचं नाव बदलून, आणि शून्य देणारा सहायक वगळून. पोरं खूप हसत. दोन गोष्टी बरोबर चालल्या तर मधे तिसरी कुठे बसली आहे का ते आधी बघा, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसे. निवृत्तीच्या वर्षी पहिल्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला.

“सर, ही चूक शोधून कुणी काढली?”

बत्तीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. आता तर कुणाला भ्यायचं कारणही उरलं नव्हतं. डॉक्टर वारले होते आणि माझं पेन्शन मंजूर झालं होतं.

“डॉ. अंबर्डेकरांनी,” मी म्हणालो. तिनं ते वहीत लिहून घेतलं.